नवशिक्यांसाठी ट्रॅक-डे व्रत

हे व्रत कोणी करावं

ज्याच्या दारात दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली आणि डिकीत कलिंगडही न मावणारी गाडी उभी आहे, त्याने किंवा तिने हे व्रत करावं. गाडी नवी हवी अशी अट नाही. मी माझ्या गाडीचा तिसरा मालक. पहिल्याने ती हौसेनं घेतली, दुसऱ्याने स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आणि मी घेतली तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं, यापलीकडे मला काही सांगायचं नाही.

व्रताला पात्र माणूस लांबूनच ओळखू येतो. स्पीडब्रेकर तो तिरका चढतो. खालच्या मजल्यावरचे काका ‘अ‍ॅव्हरेज किती देते हो?’ असं विचारायला लागले की त्याला हटकून फोन येतो. सिंहगड रस्त्यावर पीएमटीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये तो अर्धा तास काढतो, आणि पेट्रोलचा काटा खाली येताना बघत मनाशी म्हणतो, हिला एकदा मोकळं सोडलं पाहिजे.

ही ऊर्मी एक्स्प्रेसवेवर भागवू नये. तिथे शंभरची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे कोणीतरी आपल्या आईला डॉक्टरकडे दाखवून पुण्याला परत घेऊन येत असतं. गाडी मोकळी सोडायची तर जिथे समोरून कोणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही आणि चुकलात तर झाडाऐवजी गवत लागतं, अशाच जागी. त्या जागेला ट्रॅक म्हणतात आणि पैसे भरून तिथे घालवलेल्या दिवसाला ट्रॅक-डे. ही शर्यत नव्हे. नंबर नाही, करंडक नाही. पंधरा-वीस मिनिटांची तीन-चार सत्रं, नवशिक्यांचा गट वेगळा, आणि संध्याकाळी ज्या गाडीनं गेलात त्याच गाडीनं परत यायचं, हीच काय ती स्पर्धा.

क्षेत्र आणि काळ

देशात या व्रताची नावाजलेली क्षेत्रं तीन, आणि अलीकडे आणखीही उभी राहतायत. सर्वांत भव्य ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट: ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. पण २०११च्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक कुत्रं आलं आणि जगातल्या सगळ्यांत महागड्या गाड्या लाल झेंडा दाखवून थांबवाव्या लागल्या. या सर्किटबद्दल मला जी आपुलकी आहे ती त्या कुत्र्यामुळे. दुसरं क्षेत्र कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा, आटोपशीर. ‘करी’ हे एस. करिवर्धन यांच्या नावातलं. नारायण कार्तिकेयनही याच गावचा.

पुणेकरांनी मात्र तिसरं क्षेत्र धरावं. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे; १९९० सालचा, ३.७१७ किलोमीटर, बारा वळणं. जायला सोपा. नवले पुलावर राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा आणि सोडायचा नाही. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, मधे बेंगळुरूचा वेढा, मग कृष्णगिरी, वेल्लोर; अकराशे-साडेअकराशे किलोमीटरनंतर तोच ४८ नंबर तुम्हाला ट्रॅकच्या दाराशी नेऊन सोडतो. शिवाय श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. त्यामुळे आईला ‘क्षेत्राला चाललोय’ असं सांगता येतं आणि ते खोटंही ठरत नाही. आईनं मला नारळ दिला. तो मी दर्शन घेऊन खरोखर वाढवला, कारण पुढे जे करायचं होतं त्यात कोणाचीही मदत नको होती असं नाही.

काळ पौष-माघाचा. तिकडचा पाऊस आपल्याकडचा संपल्यावर सुरू होतो आणि मार्गशीर्षापर्यंत रेंगाळतो. चैत्रानंतर एसी बंद, काचा खाली आणि डोक्यावर बंद हेल्मेट अशा अवस्थेत माणूस मोदकासारखा उकडून निघतो.

साहित्य

एक: ब्रेक ऑइल.

दोनवर जायची घाई करू नये. नवशिका साहित्याची यादी करतो तेव्हा तिच्यात मोठा एक्झॉस्ट असतो, मागचा पंख असतो, लाल रंगाचे पट्टे असतात. हे सगळं नंतर घ्यावं किंवा कधीच घेऊ नये. त्याऐवजी कागद-पेन्सिल घ्यावी. पंधराशे किलोची गाडी ताशी १६० वरून पूर्ण थांबवली तर तिच्या ब्रेकमध्ये जी उष्णता जाते, तिच्यावर माठातल्या पाच लिटर पाण्याला आधण येईल. वेग निम्मा, म्हणजे ८० असेल, तर जेमतेम सव्वा लिटरला. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि घरी आपण कायम सव्वा लिटरवाले. ट्रॅकवर गाडी पूर्ण थांबवत नाहीत, पण १६०ची ८० केली तरी पावणेचार लिटरची सोय झालीच, आणि ते फेरीत तीन-चार वेळा. वीस मिनिटांत लग्नघरचा चहा होतो.

यातली काही उष्णता शेवटी ब्रेक ऑइलपाशी येऊन थडकते. या ऑइलला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड आहे. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरलं की हीच हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लोणचं मुरावं, ब्रेक ऑइल नाही. ते उकळलं की नळीत वाफेचा बुडबुडा होतो. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र मजेत दाबली जाते, आणि तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्यात जिरतो.

मी हे वाचून गॅरेजमध्ये गेलो होतो. फिटरनं झाकण उघडून बघितलं. आतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं.

“ब्रेक लागतायत ना, साहेब?”

“लागतायत.”

“मग?”

या ‘मग?’चं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही, आणि मी तसाच गेलो. उत्तर तिसऱ्या सत्रात मिळालं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसा पाय खालीच गेला. दोनदा-तीनदा पंप केल्यावर थोडं काहीतरी पायाला लागलं. तोवर वळण संपलं होतं आणि मी गवतात होतो. तिथून पुढची फेरी मी बैलगाडीच्या चालीनं पूर्ण केली. दुसऱ्या खेपेला जाण्याआधी त्याच फिटरकडून त्याच्या देखत सगळं जुनं ऑइल काढवलं, नवं भरलं, पॅड बदलले. तो अजूनही मला थोडा वेडा समजतो.

दोन: टायर. नक्षी आहे एवढ्यावर जाऊ नये, वय बघावं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या मागच्या टायरांचा जन्म माझ्या मुलीच्या बारावीच्या वर्षातला निघाला. ती आता नोकरी करते.

तीन: हवेचा मीटर, स्वतःचा. चार: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. ते चालेल का हे आयोजकांना आधी विचारावं. मोटरशर्यतीसाठीच्या हेल्मेटचं अस्तर आगीला दाद देत नाही, दुचाकीच्या हेल्मेटला ते नसतं. पाच: सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पातळ तळाचे बूट. सहा: पाणी, तुमच्यासाठी. सात: एक वीट. तिचं पुढे सांगतो.

आठवं साहित्य घरीच राहतं, ते म्हणजे विमा. पॉलिसी काढून चष्मा लावून वाचावी. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्यांसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही असं लिहिलेलं असतं. ‘शर्यत कुठे, मी नुसता गोल फिरत होतो’ हा युक्तिवाद करून बघायची ज्याची तयारी असेल त्याने करावा. मी माझ्यापुरता हिशेब असा घातला की गाडी भिंतीला लागली तर ती गेली, असं आधीच समजायचं. त्यानं पायाला एक सुंदर संयम येतो.

गाडी मोकळी करणं

सकाळी सात वाजता तपासणी. बॉनेट उघडं, नटांना टॉर्क पाना, बॅटरी घट्ट आहे ना, कुठे गळतंय का. मग हुकूम: गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर. हे नुसतं नियमाचं खूळ नाही. जोरात ब्रेक लावला की सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते, नेमकी पुढच्या वळणाआधी. माझ्या गाडीतून निघालं ते असं: छत्री, पायपुसणी चार, पार्किंगच्या पावत्या, बाकरवडीचं अर्धं पाकीट, जॅक, पाच रुपयांची दोन नाणी आणि बायकोचं गेल्या दिवाळीपासून शोधात असलेलं एक कानातलं. एवढ्यासाठी अकराशे किलोमीटर आलो असतो तरी फिटलं असतं.

राहिला डॅशबोर्डवरचा गणपती. गाडी घेतली त्या दिवशी आईनं स्वतः बसवलेला, दुहेरी टेपवर. तपासणारे गृहस्थ साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि हळूच म्हणाले, “पिल्लैयार.” तमिळमध्ये गणपतीला तेच नाव. मी म्हटलं, हा पक्का चिकटवलाय. ते इंग्रजीत म्हणाले की उन्हानं टेप सैल होते, आणि ताशी दीडशेला हा सुटला तर तुमच्या कपाळावर येईल. दोष तुमचा आणि पाप माझं. एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. मी एटीएम कार्डानं टेप सोडवली, मूर्ती त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती त्यांच्या टेबलावर, नोंदवहीच्या बाजूला, तोंड ट्रॅककडे करून ठेवली. दिवसभर गणपती तिथूनच बघत होता.

झेंडे

पिवळा: पुढे घोळ आहे, सावकाश, कोणाला मागे टाकू नका. लाल: सत्र थांबलं, हळूहळू पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे: ट्रॅक निसरडा, बहुधा कोणाचं तरी तेल सांडलंय. काळा: तुम्हाला बोलावलंय, मुख्याध्यापक बोलावतात तसं. काळा-पांढरा चौकटींचा: सत्र संपलं. तो दिसल्यावर हात उंचावून जिंकल्यासारखं करू नये. मी केलं.

निळ्याचं जरा सविस्तर. निळा म्हणजे मागे कोणीतरी तुमच्यापेक्षा वेगात आहे, त्याला वाट द्या. वाट द्यायची रीत अशी: सरळ पट्ट्यावर यायचं, आपली रेघ सोडायची नाही, खिडकीतून हात काढून त्याने कुठल्या बाजूनं जायचं ते बोटानं दाखवायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करायचा. तुम्ही हात दाखवल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. पुण्यात तीस वर्षं गाडी चालवून मी एकदाही कोणाला आपण होऊन वाट दिलेली नव्हती. हॉर्न वाजवला तर मुळीच नाही. इथे पहिल्या सत्रात मी अकरा जणांना दिली. त्यातली एक दहा वर्षांची जुनी हॅचबॅक होती, माझ्या गाडीच्या निम्म्या ताकदीची. चालवणाऱ्या बाई दंतवैद्य होत्या, हे मागाहून चहाच्या टेबलावर कळलं. सरळ पट्ट्यावर मी त्यांच्यापासून दूर जायचो आणि प्रत्येक वळणात त्या माझ्या आरशात मावेनाशा व्हायच्या. “तुम्ही ब्रेक खूप लवकर लावता आणि खूप वेळ लावता,” त्यांनी निदान केलं, आणि मला दाढेकडे हात न्यावासा वाटला.

कृती

शेजारी प्रशिक्षक बसेल. त्याला ‘मी तीस वर्षं चालवतोय’ असं सांगू नये. त्याला ते दिसणारच आहे.

आधी बसणं. पाठ सीटला पूर्ण टेकवून हात सरळ केला की मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर यावं. हात नऊ आणि तीनवर. एक कोपर खिडकीत आणि एक तळवा गिअरवर ही आपली पारंपरिक बैठक इथे मोडावी लागते. गाडीची घसरण सावरणारी यंत्रणा बंद करायचं बटण असतं. त्या बटणाकडे बघूही नये.

मग नजर. गाडी तुम्ही बघाल तिकडे जाते. नवशिका बॉनेटपुढच्या दहा फुटांत बघतो, म्हणून वळण त्याच्या अंगावर चालून येतं. ब्रेक लावताना वळणाच्या आतल्या टोकाकडे बघावं आणि त्या टोकाशी पोचण्याआधीच नजर बाहेर पडायच्या जागेकडे गेलेली असावी. माझा गुरू वीस मिनिटं एकच शब्द म्हणत होता: वर. वर बघा, वर.

मग वळण. ट्रॅकवर नारिंगी कोन ठेवलेले असतात: इथे ब्रेक, इथे वळा, इथे आतली कड गाठा, इथे बाहेर या. सगळे नवशिके एकच चूक करतात, लवकर वळतात. पंगतीत वाढपी तीन पानं लांब असतानाच हात पुढे करणाऱ्यासारखं. लवकर वळलं की आतली कडही लवकर गाठली जाते, वाटतं काय सुंदर जमलं, आणि मग वळण उरतं पण रस्ता संपतो. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, गाडी तिरकी व्हायच्या आत. थांबायचं, अजून थांबायचं, मग वळायचं. हे ‘अजून थांबायचं’ अर्ध्या सेकंदाचं असतं आणि मला ते जमायला दोन खेपा लागल्या.

मधेच पाय उचलला तर काय होतं तेही सांगतो. दुसऱ्या सत्रात एका उजव्या वळणात मला वेग जास्त वाटला. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, वर स्टीअरिंगही झटकलं. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलं, मागची हलकी झाली आणि मागचा भाग पुढच्याला भेटायला निघाला. माझ्या कुवतीपुढे घसरण सावरणाऱ्या यंत्रणेनंही हात टेकले. “दोन्ही पाय!” गुरू ओरडला. याचा अर्थ क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण खाली, आणि मग जे होईल ते बघत बसायचं. झाडं एकामागून एक उजवीकडून डावीकडे गेली. गाडी थांबली तेव्हा मी ज्या बाजूनं आलो होतो त्याच बाजूला तोंड करून होतो. इंजिन बंद. धुळीचा एक पडदा सावकाश आमच्या अंगावरून पुढे गेला, त्यातून रबराचा वास आला, आणि गवतात कुठेतरी एक टिटवी ओरडत होती. तिच्या दृष्टीनं सगळा दोष माझाच होता. दूरवर मार्शल पिवळा झेंडा हलवत होता. आयुष्यात पहिल्यांदा झेंडा माझ्यासाठी हलत होता.

सत्राची शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता काढावी, म्हणजे डिस्क वाऱ्यानं निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये; तापलेले पॅड डिस्कला धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली वीट. पंढरपूर सोडलं तर विटेचा इतका चांगला उपयोग मी कुठे पाहिलेला नाही.

लगेच हवा मोजावी. सकाळी गार टायरात ३२ भरलेली हवा सत्रानंतर ४० दाखवते. टायर फुगून मधल्या पट्टीवरच चालतो, पकड जाते. म्हणून गरम असतानाच थोडी सोडायची. किती, ते गुरू सांगेल.

उद्यापन

ट्रॅकवर सोडलेली हवा संध्याकाळी टायर गार झाले की परत भरावी, नाहीतर सकाळी २४-२५वर महामार्गाला लागाल आणि व्रताचं फळ वेल्लोरच्या आधीच मिळेल. नट पुन्हा आवळावेत. पेट्रोल भरावं, अ‍ॅव्हरेजचा आकडा मी कोणालाही सांगणार नाही, काकांना तर नाहीच. टेप मिळाली नाही म्हणून गणपती शेजारच्या सीटवर, टॉवेलात गुंडाळून, पट्टा लावून.

परतीला दुसऱ्या दिवशी रात्री खंबाटकी उतरलो, कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि नवले पुलाकडचा उतार लागला. पुण्यात या उताराला सगळे घाबरून असतात; ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात आणि खाली येईपर्यंत ब्रेकमध्ये काही उरत नाही. मी इथून शेकडो वेळा आलोय. या वेळी काच खाली होती. अर्ध्या उतारावर तो वास आला, तापलेल्या लायनरचा, कडवट. दोन दिवसांपूर्वी माझ्याच चाकांतून येत होता तोच. आरशात मागे एक भरलेला ट्रक, मोठा होत होता.

मी गिअर खाली टाकला, डावी कड धरली, आणि हात खिडकीबाहेर काढून बोटानं त्याला उजवीकडची मोकळी लेन दाखवली. तो गेला. जाताना त्याच्या क्लीनरनं बाहेर डोकं काढून माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या गाडीकडे, आणि मग शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या टॉवेलाकडे.